रिकाम्या मतपेटीचे खापर कोणाच्या माथी?

स्कॉटलंडच्या संसदेची निवडणूक संपली की ब्रिटनमधील भांडवलदारी पत्रांत एक ठरलेले पुराण सुरू होते. कोणत्या पक्षाला किती जागा मिळाल्या याचा हिशेब मांडून झाला की अग्रलेखकारांची नजर मतदानाच्या प्रमाणाकडे वळते आणि मग जनतेची खरडपट्टी काढली जाते. लोक उदासीन झाले, त्यांना लोकशाहीची किंमत उरली नाही, संसद घराजवळ आणून दिली तरी चार पावले चालून मत देणे त्यांच्या जिवावर येते, असा हा सूर असतो. १९९९ च्या पहिल्या निवडणुकीनंतर तो दबका होता. २००३ मध्ये तो टिपेला पोहोचला. २०२१ मध्ये मतदान वाढले तेव्हा तीच मंडळी लोकशाही सुदृढ झाली म्हणून समाधानाचे ढेकर देऊ लागली.

या पुराणाचे खंडन करणे आवश्यक आहे, आणि ते केवळ स्कॉटलंडच्या कामगारवर्गाची बाजू राखण्यासाठी नव्हे. आकड्यांचा अर्थ लावण्याची हीच पद्धत आपल्या देशात रूढ झाली आहे आणि चळवळीतील काही कार्यकर्त्यांच्या तोंडीही ती येऊ लागली आहे. निवडणूक हरली की ‘लोकच असे, त्याला कोण काय करणार’ असा सुस्कारा टाकून बैठक संपवायची, ही वृत्ती मूळची आपली नाही. ती वर्गशत्रूकडून उसनी घेतलेली आहे. ती कोठून येते आणि कोणाच्या उपयोगी पडते, हे पाहण्यास स्कॉटलंडसारखे दुसरे चांगले उदाहरण नाही.

सहा निवडणुकांचा ताळेबंद

१७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झाले तेव्हा स्कॉटलंडची जुनी संसद विसर्जित झाली. तिच्या जागी नवी संसद यायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. १९९७ च्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांहून अधिक लोकांनी संसदेच्या बाजूने कौल दिला, १९९८ मध्ये वेस्टमिन्स्टरने कायदा केला आणि मे १९९९ मध्ये १२९ जागांच्या संसदेची पहिली निवडणूक झाली. मतदाराला दोन मते असतात: एक मतदारसंघातील उमेदवाराला, दुसरे विभागाच्या पक्षयादीला. ७३ जागा पहिल्या मताने भरतात आणि ५६ जागा दुसऱ्या मताने, पक्षांना मिळालेल्या मतांचे प्रमाण सावरण्यासाठी.

मतदानाचे प्रमाण १९९९ मध्ये सुमारे ५८ टक्के होते. २००३ मध्ये ते ४९ टक्क्यांवर आले. म्हणजे निम्म्याहून अधिक मतदार घरी राहिले. २००७ मध्ये ते सुमारे ५२ टक्के, २०११ मध्ये ५० टक्के, २०१६ मध्ये सुमारे ५६ टक्के आणि २०२१ मध्ये ६३ टक्क्यांवर होते. याच काळात वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीत स्कॉटलंडमधील मतदान २०१० मध्ये जवळजवळ ६४ टक्के आणि २०१५ मध्ये ७१ टक्के झाले. दाराशी आलेल्या संसदेपेक्षा चारशे मैलांवरच्या लंडनमधील संसदेसाठी लोक अधिक संख्येने बाहेर पडले!

या आकड्यांतून जी सरकारे निघाली त्यांचा पायाही तपासून पाहावा. २००३ मध्ये मजूर पक्षाने ५० जागा मिळवून उदारमतवाद्यांच्या साहाय्याने सरकार चालवले. मतदारसंघांतील त्याची मते यादीतील एकूण मतदारांशी ताडून पाहिली तर ती सुमारे १७ टक्के भरतात, म्हणजे सहा मतदारांमागे एक. २०११ मध्ये स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाने ६९ जागा जिंकून निर्विवाद बहुमत मिळवले आणि त्याचे वर्णन प्रचंड लाट असे झाले. पण या लाटेतही एकूण मतदारांपैकी एक चतुर्थांशाहून कमी लोकांनी त्या पक्षाच्या उमेदवारांना मत दिले होते.

आता यापुढे एकच आकडा ठेवावा. १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत झाले. त्या दिवशी ८४.६ टक्के मतदारांनी मत दिले. सार्वत्रिक मताधिकार आल्यापासून ब्रिटनमधील कोणत्याही निवडणुकीत वा सार्वमतात एवढे मतदान झाले नव्हते. तोच देश, त्याच वस्त्या, तीच माणसे. २०११ मध्ये त्यांच्यापैकी निम्मी घरी बसली होती आणि २०१६ मध्ये पुन्हा दहांपैकी चाराहून अधिक घरी बसली. मध्यंतरीच्या एका दिवसापुरती ही जनता ‘उदासीन’ राहिली नव्हती काय? उदासीनता हा लोकांचा स्वभाव असता तर तो तारीख पाहून बदलला नसता.

गैरहजर माणसाची मोजदाद

गैरहजर मतदाराचा अर्थ राज्यकर्ते आपल्या सोयीने लावतात, याचा धडा स्कॉटलंडला १९७९ मध्येच मिळाला होता. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटिश विधिमंडळाच्या प्रश्नावर पहिले सार्वमत झाले. सुमारे १२ लाख ३१ हजार लोकांनी होकार दिला, सुमारे ११ लाख ५४ हजारांनी नकार दिला; होकाराचे प्रमाण ५१.६ टक्के. कोणत्याही व्यवहारात याला विजय म्हणतात. पण वेस्टमिन्स्टरमध्ये मजूर पक्षाच्याच एका सभासदाने कायद्यात अट घुसवून ठेवली होती की होकार एकूण मतदारयादीच्या ४० टक्के असला पाहिजे. तो सुमारे ३३ टक्के भरला, आणि बहुमताने जिंकलेली मागणी केराच्या टोपलीत गेली.

या अटीचा अर्थ समजून घेतला पाहिजे. जो आजारी होता, जो गाव सोडून गेला होता, तो प्रत्येक जण नकाराच्या बाजूला धरला गेला. हीच अट वेस्टमिन्स्टरच्या निवडणुकीला लावली असती तर ब्रिटनमधील बहुतेक सरकारे सत्तेवर आलीच नसती. लोकांनी काही मागितले की गैरहजर माणूस विरोधी ठरतो, आणि लोकांवर काही लादायचे असले की तोच गैरहजर माणूस संमती देणारा ठरतो! मौनाचा हा दुहेरी अर्थ भांडवली लोकशाहीने जन्मापासून राखून ठेवला आहे.

परिणाम तातडीने दिसले. २८ मार्च १९७९ रोजी कॅलाहन यांचे मजूर सरकार अविश्वासाच्या ठरावावर एका मताने कोसळले; स्कॉटिश राष्ट्रीय पक्षाचे अकराही सभासद हुजूरपक्षाबरोबर उभे राहिले. पुढच्या अठरा वर्षांत स्कॉटलंडने हुजूरपक्षाला सतत नाकारले. १९८७ मध्ये ७२ पैकी १० जागा त्या पक्षाच्या हाती उरल्या, तरी थॅचर सरकारने १९८९ मध्ये डोईपट्टी स्कॉटलंडवर लादली, इंग्लंडच्या एक वर्ष आधी. रेव्हन्सक्रेगचा पोलाद कारखाना १९९२ मध्ये बंद पडला. डोईपट्टीची वसुली मतदारयादीवरून होईल या धास्तीने अनेक गरीब कुटुंबांनी यादीतले नावच काढून घेतले. मताधिकारावर कर बसवला की मतदार कसा नाहीसा होतो, याचे इतके उघड उदाहरण शोधून सापडणार नाही. अशा मतदाराला पुढे ‘उदासीन’ म्हणून हिणवणे हा निर्लज्जपणा आहे.

किल्ल्या लंडनच्या कमरेला

१९९९ मध्ये जी संसद मिळाली तिच्या हाती काय होते? आरोग्य, शिक्षण, न्यायव्यवस्था, घरबांधणी, स्थानिक कारभार. हे विषय क्षुल्लक नाहीत. २००२ पासून वृद्धांना घरी मिळणारी वैयक्तिक सेवा निःशुल्क झाली, औषधांवरील शुल्क २०११ मध्ये रद्द झाले. या सवलती जनतेने मिळवल्या आहेत आणि त्यांचे मोल नाकारणे हा पोरकटपणा ठरेल.

परंतु परराष्ट्र धोरण, संरक्षण, चलन, कामगार कायदे आणि उद्योगांचे भवितव्य ज्यांच्यावर ठरते ते आर्थिक धोरण वेस्टमिन्स्टरने स्वतःकडे राखून ठेवले. संप कोणी, केव्हा, किती दिवसांची नोटीस देऊन करावा हे एडिंबरोची संसद ठरवू शकत नाही. ग्लासगोहून हाकेच्या अंतरावर क्लाइडच्या मुखाशी फास्लेन येथे ब्रिटनच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्या उभ्या असतात. त्या तेथे असाव्यात की नसाव्यात याविषयी त्या संसदेला ठराव करता येतो, निर्णय घेता येत नाही. १९९७ मध्ये आयकरात पौंडामागे तीन पेनीपर्यंत फेरफार करण्याचा अधिकार सार्वमताने मंजूर झाला. तो एकदाही वापरला गेला नाही. २०१२ आणि २०१६ च्या कायद्यांनी करविषयक अधिकार वाढले, सामाजिक सुरक्षेचा काही भाग आला. पण तिजोरीची मोठी किल्ली लंडनकडेच राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वेस्टमिन्स्टरच्या संमतीवाचून या संसदेला स्वातंत्र्याचे सार्वमत घेण्याचा कायदा करता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये तर या संसदेने बहुमताने मंजूर केलेले एक विधेयक लंडनच्या मंत्र्याने राजसंमतीला जाण्यापूर्वीच अडवले. विधेयक कोणते होते, याहून महत्त्वाचे हे की तसे अडवण्याची तरतूद १९९८ च्या कायद्यातच होती.

कारखान्याच्या दारात या सत्तेची किंमत किती, हे २०२५ मध्ये दिसले. फोर्थ नदीच्या काठावरील ग्रेंजमाउथ येथे स्कॉटलंडमधील एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना होता. त्याची मालकी एका खाजगी रसायनसम्राटाची कंपनी आणि चिनी तेलकंपनी यांच्या भागीदारीत होती. मालकांनी तो बंद करायचे ठरवले आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शुद्धीकरण थांबले. शेकडो कामगारांची नोकरी गेली. एडिंबरोचे सरकार होते, लंडनचे सरकार होते, दोन्हीकडे कामगारांविषयी सहानुभूतीची भाषणे होती. निर्णय मात्र मालकाचा होता. ज्या कामगाराने हे डोळ्यांनी पाहिले तो पुढच्या निवडणुकीत मतपेटीकडे कोणत्या नजरेने पाहील? त्याला लोकशाहीचे पाठ कोणी शिकवावेत?

घरी कोण बसतो?

‘मतदान घटले’ हे वाक्यच फसवे आहे, कारण ते सर्व वर्गांत सारखे घटत नाही. ग्लासगोच्या दक्षिणेचे सुखवस्तू उपनगर ईस्टवूड मतदानात वरच्या पायरीवर दिसते. ग्लासगोच्या ईशान्येकडील कामगार वस्त्यांचा प्रोव्हन मतदारसंघ तळाशी. ज्याला घर आहे, पेन्शन आहे, गुंतवणूक आहे, तो मत देतो. ज्याला भाड्याची खोली आणि तासावारी काम आहे तो मागे राहतो. म्हणजे रिकाम्या मतपेटीतून जी संसद निघते तीत कामगारवर्गाचे वजन त्याच्या संख्येहून नेहमी कमी असते.

जे मतदानाला आले त्यांच्याही मताची काय अवस्था झाली ते २००७ मध्ये दिसले. दोन्ही मते एकाच कागदावर छापली गेली, त्याच दिवशी स्थानिक परिषदांची निवडणूक निराळ्या, पसंतीक्रमाच्या पद्धतीने ठेवली गेली, आणि संसदेच्या मतपत्रिकांपैकी सुमारे १ लाख ४६ हजार मते बाद ठरली. त्या निवडणुकीत राष्ट्रीय पक्षाला ४७ आणि मजूर पक्षाला ४६ जागा मिळाल्या. एका जागेने सत्ता बदलली. उत्तर कनिंगहॅम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला, आणि तेथील बाद मते त्याच्या कितीतरी पट होती. बाद मतांचे प्रमाण सर्वांत अधिक होते ते ग्लासगोच्या दरिद्री वस्त्यांत. पुढे नेमलेल्या चौकशीचा निष्कर्षही हाच होता की पक्षांच्या सोयी पाहताना मतदाराचाच विचार मागे पडला. तरीही ‘लोकांना मतपत्रिका भरता येत नाही’ असे म्हणणारे निघालेच.

भारतीय वाचकाला यातील एक गोष्ट खटकेल. आपल्याकडे चित्र याच्या उलट असते. मुंबईत कुलाब्यासारख्या श्रीमंत मतदारसंघात मतदान तळाशी जाते आणि झोपडपट्टीतील रांगा दुपारपर्यंत हलत नाहीत. याचा अर्थ आपला गरीब अधिक ‘जागृत’ आणि ग्लासगोचा गरीब अधिक ‘मागासलेला’ असा नव्हे. आपल्याकडे झोपडीचा क्रमांक, शिधापत्रिका, नळजोडणी यांसाठी गरिबाजवळ मताखेरीज दुसरे हत्यार नसते. स्कॉटलंडच्या कामगाराजवळ मताच्या जोडीला युनियन होती, कारखान्यातील प्रतिनिधी होता, खाण-गावातील सभागृह होते. १९७१-७२ मध्ये वरच्या क्लाइडच्या गोद्या बंद करण्याचा हुकूम निघाला तेव्हा जिमी रीड आणि जिमी एअर्ली या कम्युनिस्ट प्रतिनिधींच्या नेतृत्वाखाली कामगारांनी संपावर न जाता गोद्या स्वतः चालवल्या आणि हीथ सरकारला माघार घ्यायला लावली. ते हत्यार थॅचरशाहीने मोडले, खाणी आणि गोद्या बंद पडल्या, आणि मग एकटे उरलेले मत त्याला हलके वाटू लागले. मतदान घटते त्याआधी संघटना घटलेली असते.

राष्ट्रवाद्यांचे सोपे उत्तर

स्कॉटिश राष्ट्रवादी म्हणतील की मग प्रश्न सुटलाच: पूर्ण स्वातंत्र्य आले की मतपेट्या भरतील. या युक्तिवादात सत्याचा अंश आहे, आणि तो कामगारवर्गाच्या पक्षांनी मान्य केला पाहिजे. स्कॉटिश संसदेची मागणी मुळात राष्ट्रवाद्यांची मिरासदारी नव्हती. १९६८ मध्ये स्कॉटिश ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये ही मागणी मांडणारा ठराव खाणकामगारांचे कम्युनिस्ट नेते मिक मॅगाही यांनी आणला होता. मजूर पक्षाचे पुढारी ती मागणी टाळत राहिले, म्हणून झेंडा दुसऱ्यांच्या हाती गेला. २०१५ मध्ये त्याची शिक्षा त्यांना मिळाली: वेस्टमिन्स्टरमधील स्कॉटलंडच्या ४१ जागांपैकी त्यांच्याकडे एक उरली.

परंतु केवळ अधिकाराचे कलम वाढले म्हणून लोक धावत येतात हेही खरे नाही. वेल्समध्ये २०११ च्या सार्वमताने तेथील विधिमंडळाला कायदे करण्याचा अधिक अधिकार मिळाला, आणि त्या सार्वमतात मतदान झाले सुमारे ३५ टक्के. वेल्सच्या १९९९ ते २०२१ पर्यंतच्या सहा निवडणुकांत मतदान एकदाही ५० टक्क्यांना पोहोचले नाही. अधिकार कागदावर वाढला. पण तो कामगाराच्या भाकरीपर्यंत, भाड्यापर्यंत, नोकरीपर्यंत नेऊन दाखवणारे त्याच्या दाराशी कोणी नव्हते.

२०१४ मध्ये स्कॉटलंडमध्ये ते झाले होते. दोन वर्षे गावोगावी, सभागृहांत, चर्चमध्ये, चहाच्या दुकानांत चर्चा चालली. डाव्या गटांनी कित्येक वर्षे कोणत्याही पक्षाचा माणूस न फिरकलेल्या सरकारी घरांच्या वसाहतींत दार ठोठावून मतदारनोंदणी केली. ग्लासगोने ५३.५ टक्के, डंडीने ५७ टक्क्यांहून अधिक होकार दिला. हे तेच डंडी, जेथील तागाच्या भांडवलदारांनी हुगळीकाठच्या गिरण्यांत पैसा आणि मुकादम पाठवले, आणि अखेरीस बंगालच्या स्वस्त मजुरीसमोर ज्याच्या स्वतःच्या कामगारांना बेकार व्हावे लागले. एकाच भांडवलाने दोन खंडांतील कामगारांना एकमेकांविरुद्ध वापरले. डंडीचा होकार कोणा राजाच्या आठवणीने दिलेला नव्हता. ज्या व्यवस्थेने त्या शहराला पिळून टाकून दिले तिला दिलेला तो नकार होता. राष्ट्रीय पक्षाच्या पुढाऱ्यांनी मात्र त्याच मोहिमेत गुंतवणूकदारांना कंपनीकर कमी करण्याचे आश्वासन दिले आणि राणीचे राजपद कायम ठेवण्याची ग्वाही दिली. भरलेल्या मतपेटीचा लाभ कोणाला होणार, हा प्रश्न स्वातंत्र्याने आपोआप सुटत नाही.

बहिष्काराचा भ्रम

उलट टोकाला काही अतिडावे मित्र उभे आहेत. त्यांना निम्मी जनता घरी बसलेली दिसली की क्रांती दाराशी आली असे वाटते. मतदान न करणे हा संसदीय भ्रमाचा त्याग होय, असा त्यांचा सिद्धांत आहे.

हा वाद नवा नाही आणि त्याचा संबंध स्कॉटलंडशीच आहे. १९२० मध्ये लेनिनने ‘डावा कम्युनिझम’ या पुस्तकात ज्या ब्रिटिश कार्यकर्त्यांशी संसदेच्या प्रश्नावर वाद घातला त्यांत क्लाइडकाठचे विल्यम गॅलाकर होते. त्या तरुण कामगार-नेत्याचा भांडवली संसदेविषयीचा संताप लेनिनने मनापासून वाखाणला, आणि त्या संतापावर धोरण उभारता येत नाही हेही स्पष्टपणे सांगितले. गॅलाकर यांना ते पटले. पुढे १९३५ ते १९५० अशी पंधरा वर्षे ते पश्चिम फाइफच्या खाणकामगारांचे कम्युनिस्ट प्रतिनिधी म्हणून वेस्टमिन्स्टरमध्ये बसले. ज्या मतपेटीला त्यांनी एकेकाळी तुच्छ लेखले तीच फाइफच्या खाणकामगारांनी त्यांच्यासाठी भरली, कारण तिच्यामागे खाणीतील संघटना उभी होती.

घरी बसलेला माणूस एकटा असतो. त्याच्या न बोलण्यातून संप उभा राहत नाही, भाडे कमी होत नाही, पाणबुडी हलत नाही. त्याच्या गैरहजेरीचा लाभ ईस्टवूडच्या बंगलेवाल्याला होतो. बहिष्कार हे शस्त्र तेव्हाच ठरते जेव्हा लोक संघटित होऊन दुसरे काही उभारत असतात. अन्यथा तो पराभवाला दिलेला भारदस्त शब्द आहे.

आणि जेथे कामगारांना पर्याय दिसला तेथे त्यांनी तो उचललाही. ज्या २००३ च्या निवडणुकीला उदासीनतेची निवडणूक म्हणतात तीतच स्कॉटिश समाजवादी पक्षाचे सहा सभासद निवडून आले. पण २००६ मध्ये त्या पक्षाच्या प्रमुख नेत्याच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यावरून पक्ष दुभंगला; दोन गट एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहिले; २००७ मध्ये दोन्ही गटांची एकही जागा उरली नाही. येथेही लोकांना दोष द्यायचा काय? जो पक्ष एका माणसाच्या नावावर उभा राहतो तो त्या माणसाबरोबर पडतो. मतदार त्याला पाडत नाही.

आपल्यासमोरचा प्रश्न

भारतात या सगळ्याचे महत्त्व दुहेरी आहे. आपली राज्य विधिमंडळे एडिंबरोच्या संसदेप्रमाणे केंद्राच्या साध्या कायद्याने जन्मलेली नाहीत. त्यांना संविधानाचा आधार आहे. तरीही केरळचे पहिले कम्युनिस्ट सरकार ३१ जुलै १९५९ रोजी बडतर्फ झाले. पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडीने १९७७ मध्ये केंद्र-राज्य संबंधांवर निवेदन मांडून राज्यांच्या अधिकारांचा प्रश्न देशापुढे ठेवला. १९८३ मध्ये सरकारिया आयोग नेमला गेला. पण त्यानंतरचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराने राज्यांच्या हातून विक्रीकराचा मोठा अधिकार गेला. केरळ आणि तामिळनाडूत विधिमंडळांनी मंजूर केलेली विधेयके राज्यपालांनी अडवून धरली. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर या राज्याचा दर्जाच काढून घेतला गेला. २०२४ मध्ये तेथे अधिकार छाटलेल्या विधानसभेसाठी सुमारे ६४ टक्के मतदान झाले, आणि दिल्लीच्या सत्ताधाऱ्यांनी तो आकडा आपल्या धोरणाला मिळालेला कौल म्हणून मिरवला. १९७९ मध्ये गैरहजर मतदार विरोधी धरला गेला. येथे हजर मतदार समर्थक धरला गेला. हिशेबनीस तोच आहे.

म्हणून मतदानाचा मोठा आकडा पाहूनही हुरळून जाण्याचे कारण नाही. २०२१ मध्ये पश्चिम बंगालमध्ये ८० टक्क्यांहून अधिक मतदान झाले, आणि जेथे डाव्या आघाडीने सलग ३४ वर्षे सरकार चालवले त्या विधानसभेत तिची एकही जागा उरली नाही. तेथे लोक घरी बसले नव्हते. ते रांगेत उभे राहिले आणि त्यांनी दुसऱ्यांना मते दिली. ग्लासगोचा रिकामा मतदानकक्ष आणि बंगालची भरलेली रांग या दोन्हींतून एकच गोष्ट सिद्ध होते: संघटना आणि जनता यांच्यातील दुवा तुटला की आकडा वर जातो की खाली, याने फारसा फरक पडत नाही.

मराठी कामगारांना हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कम्युनिस्टांनी भाषिक राज्याची मागणी संकुचित म्हणून झटकली नाही; गिरणगावच्या चाळींत आणि खेड्यांच्या चावड्यांवर ती जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नाशी जोडली. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. त्या राज्याची तिजोरी पुढे साखरसम्राट आणि बांधकाम-सम्राट यांच्या हाती गेली, आणि गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. राज्य मिळवणे आणि ते कष्टकऱ्यांच्या हाती ठेवणे या दोन निरनिराळ्या लढाया आहेत.

तेव्हा निवडणुकीनंतरच्या बैठकीत ‘लोक असे का वागले?’ हा प्रश्न पहिला नसावा. पहिले प्रश्न दुसरेच आहेत. त्या वस्तीत आपण गेल्या वर्षभरात किती वेळा गेलो? तेथील भाड्याच्या, पाण्याच्या, कंत्राटी मजुरीच्या कोणत्या प्रश्नावर आपली शाखा उभी राहिली? मताचा आणि त्या माणसाच्या भाकरीचा संबंध त्याला कोणी दाखवून दिला? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे लिहून काढली तर मतदारयादीतील अर्धे गूढ तेथेच उकलेल. दहांपैकी साडेआठ लोक मतपेटीशी येऊ शकतात, हे स्कॉटलंडच्या कष्टकऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले आहे. बाकीच्या दिवशी ते आले नाहीत, याचा जाब त्यांनी द्यायचा नाही. तो जाब ज्यांनी सत्ता कुलपात ठेवली त्यांनी आणि ज्यांच्यावर ते कुलूप तोडण्याची जबाबदारी होती त्यांनी द्यायचा आहे.